मराठी मजकुरासाठी लिब्रेऑफिस रायटर: दोन फाट्यांची कमाई

लिब्रेऑफिस हा मोफत ऑफिस संच आणि रायटर हा त्यातला लेखनाचा प्रोग्राम. रायटरच्या उजव्या कडेला साइडबार, म्हणजे सेटिंग्जची उभी पट्टी असते. कंट्रोल आणि एफ५ दाबून ती उघडता येते. परिच्छेदांमधलं अंतर, समास, पानाचा आकार असं रोज लागणारं बरंच काही तिथल्या तिथे बदलतं. मोठा लेख मांडताना याने खरंच वेळ वाचतो.

ही साइडबार मूळची लिब्रेऑफिसची नाही. आयबीएमने आपल्या लोटस सिम्फनी या ऑफिस संचाचा कोड अपाचे ओपनऑफिसला दिला, त्यातून २०१३ साली ओपनऑफिस ४.० मध्ये साइडबार आली आणि लिब्रेऑफिसने ती घेतली. लिब्रेऑफिस हा ओपनऑफिसचाच फाटा, म्हणजे त्याच्या कोडवरून वेगळा निघालेला प्रकल्प. २०१० मध्ये वेगळी चूल मांडलेल्या या प्रकल्पाला जुन्या घरातून मिळालेली ही मोठी भेट. त्याआधी गो-ओओ नावाच्या ओपनऑफिसच्या आणखी एका फाट्याच्या सुधारणा लिब्रेऑफिस ३.३ मध्येच आल्या होत्या.

उलट दिशेने मात्र कोड जात नाही. अपाचे परवान्याचा कोड लिब्रेऑफिसला चालतो, पण लिब्रेऑफिसचा एमपीएल (मोझिला पब्लिक लायसन्स) परवान्याचा कोड अपाचेच्या नियमांत बसत नाही. तरी मूळ एकच असल्याचा फायदा ओपनऑफिसलाही होतो. २०२१ मध्ये डिजिटल सहीची तपासणी चुकवता येण्याचे दोष दोन्हींत निघाले आणि दोघांनीही ते दुरुस्त केले.

वापरायचं कोणतं? लिब्रेऑफिसच. ओपनऑफिस ४.१ डॉकएक्स, म्हणजे मायक्रोसॉफ्ट वर्डची फाइल उघडतं, पण त्या प्रकारात सेव्ह करत नाही; रोजच्या देवाणघेवाणीत तिथेच अडतं.

मराठीसाठी टूल्स, ऑप्शन्स, लँग्वेजेस अँड लोकेल्समध्ये (जुन्या आवृत्त्यांत लँग्वेज सेटिंग्ज) जाऊन कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट (सीटीएल, देवनागरीसारख्या लिप्यांसाठीची सोय) चालू करा आणि भाषा मराठी निवडा. मग एफ११ दाबून डीफॉल्ट पॅराग्राफ स्टाइल एडिट करा. फॉन्टच्या पानावर वेस्टर्न आणि सीटीएल असे दोन वेगळे भाग दिसतील. देवनागरीचा फॉन्ट आणि आकार सीटीएलमध्येच ठरतो. वेस्टर्नमध्ये आकार १४ केला आणि मराठी अक्षर आधीच्याच आकाराचं राहिलं, ही तक्रार नेहमी यातूनच येते. जुन्या श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर तर रायटरला इंग्रजी अक्षरंच वाटतो, म्हणून त्याला वेस्टर्नचा फॉन्ट लागतो. तो मजकूर आधी युनिकोडमध्ये बदलून घ्या.

समोरच्याकडे ओपनऑफिस असेल तर ऑप्शन्समधल्या लोड/सेव्हच्या जनरल पानावर ओडीएफ (दोन्ही संचांचा मूळ फाइल प्रकार) आवृत्ती १.२ करा. नाहीतर फाइल नव्या आवृत्तीची असल्याचा इशारा त्याला दिसू शकतो.