शेंगदाण्याच्या बुरशीवर लवंगेचं तेल की कडुनिंबाचा अर्क?

साठवलेल्या दाण्यांवर हिरवट-पिवळी पूड दिसली की ती बहुधा अस्परजिलस फ्लेव्हस बुरशी असते. खरा धोका तिच्या अफ्लाटॉक्सिनचा. हे विष यकृताचा कर्करोग घडवतं आणि भाजूनही पुरतं जात नाही. १९६० मध्ये इंग्लंडमध्ये लाखाहून अधिक टर्की पक्षी दगावले, तेव्हा शेंगदाण्याच्या पेंडीतून त्याचा छडा लागला.

लवंगेच्या तेलातलं युजेनॉल बुरशीच्या पेशींचं आवरणच फोडतं. शिवाय त्याची वाफ दाण्यांच्या फटींत शिरते. पण डबा हवाबंद हवा. गोणीत वाफ उडून जाते. दाण्याला लवंगेचा वास लागतो, तो खाणाऱ्याला लगेच कळतो. बियाण्याला तर जपूनच, कारण जास्त मात्रेत उगवण मार खाते.

कडुनिंबाच्या पानांच्या अर्काची तऱ्हा निराळी. प्रयोगशाळेत बुरशी वाढत राहिली, तरी तिचं विष बनवणं बरंच थंडावलेलं दिसलं. मला हे फार मोलाचं वाटतं. अडचण पाण्याची: पाण्यात काढलेला अर्क दाण्यांवर शिंपडला की ओल वाढते, आणि बुरशीला तेच हवं असतं. फवारलंच तर पुन्हा वाळवणं आलं.

हवाबंद डब्यातल्या थोड्या दाण्यांसाठी मी लवंग निवडेन. मात्र शेंग कानाशी हलवून पाहा. आत दाणा खुळखुळत नसेल, तर आधी ऊन द्या. सोललेल्या दाण्यातली ओल ७ टक्क्यांच्या आसपास आलेली हवी. आधीच तयार झालेलं विष दोन्हींपैकी कशानेही भरवशाने निघत नाही; बुरसलेले दाणे निवडून फेकायचेच, जनावरांनाही घालायचे नाहीत.