ओटो हानचं 'चांदीचं' नाणं आणि निकेलचा गाभा

जर्मनीची विज्ञानावरची स्मारक नाणी जमवणाऱ्या एका संग्राहकाने रसायनशास्त्रज्ञ ओटो हानवरचं १९७९ चं पाच मार्कचं नाणं 'दुर्मीळ चांदीचं' म्हणून घेतलं. निघालं ते साधंच नाणं, वर चांदीचा मुलामा चढवलेला. विक्रेत्याने सांगितलेला इतिहास मात्र खरा होता, आणि म्हणून ही फसवणूक फार लबाड आहे.

हानच्या जन्मशताब्दीचं हे नाणं आधी ६२५ शुद्धतेच्या (हजारात ६२५ भाग) चांदीत पाडलं होतं. चांदीचा भाव भडकला, ती नाणी वितळवली आणि चलनात तांबे-निकेलची आली. चांदीची मोजकीच वाचली. या मालिकेतली केप्लर (१९७१), कोपर्निकस (१९७३), गाउस (१९७७) यांच्यावरची नाणी चांदीची असल्यामुळे हानही तसंच असेल असं सहज वाटतं.

या नाण्याच्या प्रमाणपत्रावर '९२५' छापलं होतं. तिथेच थांबायला हवं होतं. ही मालिका ६२५ ची: वजन ११.२ ग्रॅम, त्यात शुद्ध चांदी ७ ग्रॅम. तांबे-निकेलचं नाणं १० ग्रॅमचं. व्यास दोघांचा २९ मिमी, त्यामुळे कॅलिपरवर काहीच कळत नाही. मुलाम्याने १.२ ग्रॅमची तूट भरायची तर सगळीकडे सुमारे ७५ मायक्रॉन थर लागेल. तेवढ्याने अक्षरं बोथट होतात.

सर्वात सोपी परीक्षा चुंबकाची. साध्या नाण्यात तांबे-निकेलच्या थराखाली निकेलचा गाभा आहे, निओडिमियमच्या ताकदवान चुंबकाला तो घट्ट चिकटतो. चांदी चिकटत नाही. विक्रेत्याच्या व्हिडिओत नाणं चिकटलं नाही, पण चाचणीभर गरुडाचीच बाजू वर होती, म्हणजे नाणं दुसरंच असू शकतं. हानची बाजू दाखवून तेच नाणं न थांबता चुंबकावर आणि काट्यावर ठेवायला सांगा. कडेला तांबूस रेघ शोधू नका: गाभा आणि वरचा थर दोन्ही पांढरेच. आम्लाची कसोटीही निरुपयोगी, ती फक्त मुलामा तपासते.

चुंबकाला न चिकटणारं, वजनातही बरोबर असलेलं बनावट नाणं असू शकतं. त्यासाठी ०.०१ ग्रॅमच्या काट्यावर पाण्याचा पेला ठेवून काटा शून्यावर आणा आणि दोऱ्याने नाणं तळाला न टेकवता पूर्ण बुडवा. ६२५ चांदीला सुमारे १.१४ ग्रॅम दिसेल, तेवढ्याच वजनाच्या तांबे-निकेलला १.२६. नाण्याला चिकटलेले बुडबुडे आकडा वाढवतात, ते आधी झटका.

पाकीट उघडतानाचं सलग चित्रण ठेवा आणि नाणं घासू नका. 'तुम्हीच बदललं' हे परतावा नाकारण्याचं नेहमीचं उत्तर असतं.