खासदाराकडे इंटर्नशिप: दिल्ली की सांगली?

दिल्लीतलं काम मुख्यतः प्रश्नांचं. लोकसभेत दिवसाला तोंडी उत्तराचे तारांकित प्रश्न 20च, लेखी उत्तराचे अतारांकित 230. नोटीस किमान 15 दिवस आधी. म्हणजे बेदाण्यावरच्या चार ओळींच्या प्रश्नासाठी आठवडाभर आकडे उपसायचे आणि बॅलटमध्ये, म्हणजे प्रश्न निवडायच्या सोडतीत, नंबर लागला नाही की सगळं मुसळ केरात. लिहिण्याला धार मात्र इथंच येते.

सांगलीच्या संपर्क कार्यालयात लेखणी कमी, कान जास्त. दार उघडायच्या आधीच जतहून आलेले आजोबा पायरीवर बसलेले असतात. "म्हैसाळचं पाणी आमच्या तळ्यात कवा येणार, तेवढं सांगा." (म्हैसाळ म्हणजे इथली उपसा सिंचन योजना.) त्यांच्यामागे कुणाला गावात सभामंडप हवा. खासदार निधी वर्षाला 5 कोटी, पण खासदार काम फक्त सुचवतो, मंजुरी जिल्हा प्रशासनाची. हे समजावण्यात अर्धा दिवस जातो. (उरलेला चहात.)

खर्चाचं काय सांगायचं? तिकडं खोलीभाडं, इकडं घरचा डबा.

मला विचाराल तर आधी तीन महिने सांगलीतच काढा. आजोबांचा प्रश्न वहीत उतरवून घ्या आणि मग दिल्ली गाठा. मिरजेहून गोवा एक्स्प्रेस थेट निजामुद्दीनला जाते.