दोन सुकाणूंच्या बोटीत एकच चावी: हंगामभर वापरल्यानंतर

मालवण-तारकर्ली पट्ट्यात पर्यटकांची बोट चालवायची तर टपावरचं दुसरं सुकाणू ही चैन नव्हे. बंदरात शिरताना पाण्याखालचे खडक खालच्या केबिनमधून दिसतच नाहीत. देवबागला कर्लीच्या मुखाशी वाळू कुठे सरकलीय, तेही उंचावरून पाण्याच्या रंगावरूनच कळतं. आमची बोट फायबरची, आत एकच डिझेल इंजिन, १२ व्होल्टचं.

बोट विकत घेतली तेव्हा वर एक आणि खाली एक अशा दोन चाव्या होत्या, वायरी एकमेकींना जोडलेल्या. कुठलीही एक चालू असली की सगळं चालू. संध्याकाळी खालची चावी बंद करून मंडळी घरी, वरची तशीच. मीटर आणि अल्टरनेटरचं (बॅटरी चार्ज करणाऱ्या जनरेटरचं) फील्ड, म्हणजे आतली चुंबकाची कॉइल, रात्रभर करंट खात बसायचं आणि सकाळी बॅटरी उतरलेली. दुसरा ताप सेल्फचा, म्हणजे इंजिन सुरू करणाऱ्या मोटरचा. खालून मारला तर फिरायचा, वरून मारला की बऱ्याचदा नुसतं ‘कट्‌’.

या ‘कट्‌’चं कारण हिशोबात सापडतं. सेल्फचा सॉलेनॉइड (करंट मिळाला की सेल्फ जोडणारा विजेचा चुंबक) ओढून घेताना क्षणभर ३० अँपिअरच्या आसपास करंट मागतो. बॅटरीपासून वरच्या चावीपर्यंत आणि तिथून परत सॉलेनॉइडपर्यंत आमच्याकडे १८ मीटर वायर होती, अडीच चौरस मिलिमीटरची. अडीचच्या तांब्याच्या वायरीला मीटरमागे साधारण ०.००७४ ओहम रोध असतो, म्हणजे १८ मीटरला ०.१३. गुणिले ३० अँपिअर: चार व्होल्ट वाटेतच खलास. बारातले उरले आठ, त्यात सॉलेनॉइड काय ओढणार!

गेल्या पावसाळ्यात बोट वर ओढलेली असताना सगळं उपटून नव्याने केलं. चावी एकच, खाली. वर फक्त दोन बटणं, स्टार्ट आणि स्टॉप. दोन्ही खालच्या चावीवरून फीड घेतात, म्हणजे चावी बंद तर वरचं सगळं मेलेलं. स्टार्टची बटणं थेट सेल्फला न जाता इंजिनाजवळच्या ४० अँपिअरच्या साध्या ऑटोमोबाइल रिलेला जातात; रिले म्हणजे थोड्या करंटवर मोठा करंट जोडणारा स्विच. रिलेच्या ३० नंबरच्या टोकावर बॅटरीची फ्यूज लावलेली जाड वायर, ८७ वरून सॉलेनॉइडच्या ५० नंबरला. लांबच्या वायरीतून आता रिलेच्या कॉइलपुरता करंट जातो, पाव अँपिअरसुद्धा नाही. ऑक्टोबर ते मे वरून सेल्फ मारला की फिरतो, एवढंच काय ते सांगायचं. रिलेचा खर्च किरकोळ. पैसे गेले ते कल्हईच्या तांब्याच्या वायरीत, आणि ते जावेतच; साधी तांब्याची वायर खाऱ्या हवेत इन्शुलेशनच्या आतून काळी पडत जाते.

न्यूट्रल स्विच (बोट गिअरमध्ये असताना सेल्फ फिरू न देणारा) मात्र गिअरच्या लिव्हरच्या डब्यात ठेवू नका, गिअरबॉक्सवरच बसवा. वरचा लिव्हर न्यूट्रलला दिसतोय आणि केबल ताणल्यामुळे गिअर अर्धवट अडकलाय, असं होऊ शकतं. गिअरबॉक्सवरचा स्विच खोटं बोलत नाही.

मला सगळ्यात आवडलेली गोष्ट वेगळीच आहे. टपावर वारा आणि पर्यटकांचा गलका यांत इंजिन मंद चालू असलं तर ऐकूच येत नाही. चालू इंजिनावर कुणी स्टार्ट दाबला की सेल्फचं दातेरी चाक इंजिनाच्या फ्लायव्हीलच्या दातांवर खरवडतं. त्यावर उपाय: रिलेच्या कॉइलचं दुसरं टोक अर्थला न देता अल्टरनेटरच्या डी-प्लसला (चार्जिंगच्या दिव्याची वायर जाते त्या टोकाला) दिलं. इंजिन बंद असताना डी-प्लस जवळपास अर्थसारखंच वागतं, रिले ओढतो. चार्जिंग सुरू झालं की तिथे बॅटरीएवढाच व्होल्टेज येतो, कॉइलच्या दोन्ही टोकांना सारखाच दाब, आणि बटण कितीही दाबा, रिले ढिम्म. दोन अटी आहेत. अल्टरनेटरला डी-प्लस हवा. आणि काही अल्टरनेटर थोडा रेस दिल्याशिवाय चार्ज सुरू करत नाहीत, तोवर हे कुलूप लागत नाही. आमचा त्यातलाच, म्हणून स्टार्ट झाल्यावर जरा रेस द्यायची सवय सगळ्यांना लावली.

स्टॉपचं ऐका. आमचा स्टॉप सॉलेनॉइड (इंजिनाचं डिझेल तोडणारा) करंट मिळाल्यावर इंजिन बंद करणारा, त्यामुळे दोन्ही स्टॉप बटणं समांतर जोडली. उलट्या जातीचा असेल, म्हणजे करंट असेतो चालू ठेवणारा, तर बटणं एकामागोमाग जोडावी लागतात आणि तिथलं वायरीचं एक सैल टोक भर समुद्रात इंजिन बंद पाडू शकतो. पेट्रोलच्या आउटबोर्डची गोष्ट निराळी, तिथे दोन्ही जागांच्या किल-कॉर्डपैकी (चालवणारा पडला तर इंजिन बंद करणाऱ्या दोऱ्यांपैकी) कुठलीही ओढली तरी इंजिन थांबलंच पाहिजे. आमच्या मांडणीत तोटा एकच: नव्या खलाशाने स्टॉप दाबायच्या आधीच चावी बंद केली आणि वर ओरडला, “दादानू, चावी बंद केलंय, तरी इंजिन चालूच आसा!” चावी गेली की स्टॉप बटणालाही फीड नाही, आणि ऑइलचा बझरही गप्प. परत चावी चालू करून स्टॉप दाबला की काम होतं. तरी इंजिनावरची हाताने ओढायची तार ग्रीस लावून मोकळी ठेवतो.

नापास झालं ते वरचं स्टार्ट बटण. पाकिटावर वॉटरप्रूफ लिहिलेलं, पण रबरी टोपी मार्चच्या उन्हातच तडकली आणि आत हिरवी बुरशी धरली. एप्रिलमध्ये दाबलेलं बटण परत वर येईना. डी-प्लसचं कुलूप नसतं तर तेव्हा सेल्फ जळालाच असता. आता स्टीलचं बटण झाकणाखाली, उभ्या पत्र्यावर लावलंय, म्हणजे पाणी साचत नाही. ऑइलचा बझर वरही जोडलाय, तो मात्र इतका बारीक आवाजाचा निघाला की सोबत लाल दिवा लावावा लागला. टॅकोमीटर वर न्यायचं या पावसाळ्यात बघू.