आठ महिने, एक पाकीट रबर बँड

रबर बँडचा कुणी रिव्ह्यू लिहितं का, हे घरात विचारून आणि हसून झालंय. आठ महिन्यांपूर्वी मिक्स साइजचं मोठं पाकीट घेतलं तेव्हा मलाही तसंच वाटत होतं. नवे असताना सगळेच रबर बँड चांगले असतात, त्यामुळे पहिल्या आठवड्यात लिहिण्यात काही अर्थ नव्हता. आता निम्मं पाकीट कामातून गेलंय. गंमत म्हणजे त्यातले बहुतेक वापरून नाही, नुसते लावून ठेवल्यामुळे गेले.

जुन्या पावत्यांच्या गठ्ठ्याला एक रबर बँड घट्ट चढवून तो गठ्ठा खिडकीशी ठेवला होता. अडीच महिन्यांनी हात लावला तर तटकन तुटला. तुकडा भिंगाखाली धरून पाहिला. पृष्ठभागावर केसासारख्या बारीक चिरा होत्या आणि सगळ्या ताणाला काटकोनात. हे काम हवेतल्या ओझोनचं. हवेत तो अगदी नाममात्र असतो, पण रबराच्या रेणूंच्या लांब साखळीतले दुहेरी बंध (अणूंमधले दुहेरी जोड) तोडायला तेवढा पुरतो. रबर ताणलेलं असलं की तुटलेली जागा उघडी पडते आणि चीर आत सरकत जाते. सैल पडलेल्या रबराला अशा चिरा सहसा जात नाहीत. त्याच पाकिटातले, ड्रॉवरच्या अंधारात मोकळे पडलेले बँड अजून नव्यासारखे आहेत. आणि वहीला लावलेला एक, जो मी रोज चार-पाचदा काढतो-घालतो, तो थोडा सैल झालाय एवढंच.

दुसरा प्रकार चिकटण्याचा. गरम होणाऱ्या अडॅप्टरची वायर गुंडाळून वर एक बँड लावला होता, तो विरघळल्यासारखा होऊन वायरला चिकटला. खरवडून काढावा लागला. उष्णता आणि ऑक्सिजन मिळून साखळ्यांचे तुकडे पाडतात, म्हणून हा चिकटा.

मुळात हे ताणतं कसं, ते पाहायला मी एक बँड खिळ्याला टांगला आणि खाली कुलूप अडकवलं. बँड ताणून दुपटीपेक्षा लांब झाला. मग त्यावर हेअर ड्रायर सोडला. तापून आणखी लांबेल असं वाटलं होतं, पण कुलूप वर सरकलं! थोडंसंच, पण डोळ्यांना दिसेल इतकं. रबरात लांबच लांब साखळ्यांचा गुंता असतो. ताणलं की त्या एका दिशेला सरळ होतात, सोडलं की पुन्हा गुंत्यात जातात. सरळ राहण्याची रीत एकच आणि गुंतण्याच्या असंख्य, म्हणून ओढ गुंत्याकडे. उष्णतेने साखळ्यांची वळवळ वाढते, तशी ही ओढही वाढते. ड्रायर नसेल तर रुंद बँड ओठाला लावून झटकन ताणा, कोमट लागेल. तसाच ताणून अर्धा मिनिट थांबा, मग सोडून लगेच ओठाला लावा, गार लागेल. इंग्रज अभ्यासक जॉन गॉफ यांनी हे 1805 मध्येच नोंदवलं होतं.

कच्चं रबर मात्र उन्हाळ्यात चिकट आणि थंडीत कडक व्हायचं. अमेरिकी संशोधक चार्ल्स गुडइयर यांना 1839 मध्ये गंधकाबरोबर तापवण्याची युक्ती सापडली. गंधक साखळ्यांना एकमेकींशी बांधतो, म्हणून ताणून सोडल्यावर त्या मूळ जागी येतात. लंडनच्या स्टीफन पेरी यांनी 17 मार्च 1845 ला रबर बँडचं पेटंट घेतलं. त्या गंधकाचा फटका मला बसला तो असा: चांदीच्या डबीचं झाकण उघडू नये म्हणून बँड लावला होता, काढला तेव्हा खाली काळा पट्टा. पॉलिशने गेला, पण चांदीला आणि जुन्या फोटोंना रबर लावू नका.

उपयोगांचं म्हणाल, तर घट्ट बसलेल्या झाकणाला रुंद बँड गुंडाळून फिरवणं हा माझ्याकडे सर्वांत खात्रीचा. रंगाच्या डब्याला उभा बँड चढवायचा, म्हणजे तो तोंडावर मधोमध येतो. ब्रश त्यावर निपटला की कडा स्वच्छ राहते. हँगरच्या दोन्ही टोकांना एकेक गुंडाळला की कपडे घसरत नाहीत. खाच झिजलेल्या स्क्रूवर बँड ठेवून स्क्रूड्रायव्हर दाबायचा, या युक्तीचं कौतुक फार ऐकलं होतं. तीन स्क्रूंवर करून पाहिली, एक निघाला. गंजून बसलेल्यांना काही फरक पडला नाही, वर बँडला भोक. केसांना हे अजिबात लावू नका, काढताना केस उपटून येतात. आणि लॅटेक्सची ॲलर्जी असेल तर नैसर्गिक रबराऐवजी सिलिकॉनचे पाहा.

पाचपैकी साडेतीन तारे. दीड तारा कापला तो मिक्स साइजसाठी. पाकिटात बरेच बँड बोटाच्या पेरात जेमतेम बसतील एवढे लहान आहेत, आणि आठ महिन्यांत त्यांचं एकही काम निघालेलं नाही. पुढच्या वेळी एकाच मापाचे रुंद घेणार.