‘फ्रेट लेव्हल केले’ म्हणून पैसे घेतले, तारा मात्र नुसत्या वर उचलल्या होत्या

इलेक्ट्रिक गिटार सेटअपला (तारांची उंची, नेक, सूर नीट जुळवून घ्यायला) देणार असाल, विशेषतः पावसाळ्यात आणि विशेषतः घरातल्या शिकणाऱ्या मुलाची, तर हे वाचून मग जा. पुण्यातलं दुकान आहे, नाव लिहीत नाही, पण पद्धत लिहितो कारण ही पद्धत कुठेही चालू शकते.

माझ्या भाच्याकडे स्क्वायरची (फेंडरचाच स्वस्तातला ब्रँड) स्ट्रॅट गिटार आहे. जुलैत जाड ई तारेवर पहिल्या तीन-चार फ्रेटला (नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्या) झर्रर्र आवाज, म्हणजे बझ, यायला लागला, अँपमधूनही ऐकू येत होता (अँप बंद असताना थोडा आवाज चालतो, अँपमधून यायला लागला की मग बघायचं). दुकानदाराने गिटार डोळ्यासमोर धरली, नेककडे (गिटारची लांब मान) बघितलं न बघितलं आणि सांगून टाकलं, "दादा, नेक ट्विस्ट झालाय, ट्रस रॉड जाम आहे, फ्रेट गेलेत. लेव्हलिंग, ड्रेसिंग सगळं करावं लागेल, नट पण बोनचा टाकून देतो." (ट्रस रॉड म्हणजे नेकच्या आतली, त्याचा बाक कमीजास्त करणारी सळई; नट म्हणजे नेकच्या वरच्या टोकाला तारा टेकतात ती खाचांची पट्टी, बोनचा म्हणजे हाडाचा.) साडेतीन हजार. गिटार ठेवून जा म्हणाला.

परत घेताना गिटार चकाचक, फ्रेटबोर्डला तेल, नवीन तारा, समोर दोन-चार कॉर्ड वाजवून दाखवल्या, बझ अजिबात नाही. पैसे दिले, घरी आलो. संध्याकाळी भाचा म्हणतो, "मामा, एफ कॉर्ड दाबलीच जात नाहीये, बोटं जाम दुखतायत," आणि ट्यूनरवर मोकळ्या तारा बरोबर पण कॉर्ड धरली की बेसूर.

मग दिव्याखाली धरून नीट बघितलं. दुसऱ्या फ्रेटवर बी आणि जी तारेखाली घासून घासून बारीक खाचा पडलेल्या असतात ना, त्या होत्या तशाच, एकसुद्धा कमी झालेली नाही. आता फ्रेट खरंच लेव्हल करायचे तर तारा काढून नेक आधी सरळ करतात, लाकडावर टेप लावतात, प्रत्येक फ्रेटच्या डोक्यावर मार्करची रेघ मारतात, मग लांब सपाट पट्टीला पॉलिश पेपर लावून सगळे एका पातळीला घासतात, नंतर कानशीने एकेका फ्रेटला परत गोलाई देतात आणि पॉलिश करतात. एवढं झाल्यावर त्या खाचा जशाच्या तशा राहतील कशा? आणि नट तर जुनाच प्लास्टिकचा, कोपऱ्यात उडालेला टवका सुद्धा तोच.

बझ कसा घालवला ते पट्टी लावल्यावर कळलं. बाराव्या फ्रेटवर जाड तारेची उंची जवळपास ३ मिमी! सॅडलचे (तार खालच्या टोकाला ज्यावर टेकते तो भाग) दोन बारीक स्क्रू पिळून तारा वर उचलल्या की बझ बहुतेक वेळा जातोच. पण तार उंच झाली की दाबायला जोर लागतो, आणि दाबताना ती जास्त ताणली जाते म्हणून सूर चढतो. इंटोनेशन (दाबलेला सूरही बरोबर लागणं) तर त्याने बघितलंच नव्हतं, बाराव्या फ्रेटचा हार्मोनिक (तार न दाबता नुसती हलके शिवून काढलेला सूर) आणि तिथेच दाबलेला सूर यात स्पष्ट फरक होता.

नंतर एका जुन्या कारागीर काकांकडे नेली. त्यांनी पहिल्या फ्रेटला कॅपो (सगळ्या तारा दाबून धरणारा चिमटा) लावला, जाड तार शेवटच्या फ्रेटला दाबली आणि आठव्या फ्रेटपाशी फिलर गेज (फट मोजायच्या पातळ पत्र्या) घालून बघितला, तर गॅप नाहीच, तार टेकलेली. नेक गरजेपेक्षा सरळ झाला होता, म्हणून पहिल्या फ्रेटांवर बझ. ट्विस्ट वगैरे काही नाही. आणि तो 'जाम' ट्रस रॉड काकांनी माझ्यासमोर पाव फेरा सैल केला, विनातक्रार फिरला. गॅप ०.२५ मिमी आली, मग सॅडल खाली घेऊन सतराव्या फ्रेटवर १.६ मिमी ठेवलं, हे फेंडरचेच आकडे आहेत ९.५ इंच रेडियसच्या (फ्रेटबोर्डची आडवी गोलाई) नेकसाठी. शेवटी इंटोनेशन. दाबलेला सूर चढा लागत होता तिथे सॅडल मागे सरकवलं, बस. फ्रेट घासायची गरजच नव्हती म्हणाले, आणि उगाच घासू पण नयेत, कारण दर वेळी धातू कमी होतो आणि तो परत येत नाही.

मला पैशापेक्षा राग याचा आहे की पोरगं महिनाभर बोटं दुखवून घेत होतं आणि समजत होतं की आपल्यालाच जमत नाही. अशाने मुलं गिटार सोडून देतात हो!

तर गिटार देण्याआधी बाराव्या आणि सतराव्या फ्रेटवरची उंची स्टीलच्या पट्टीने मोजून लिहून ठेवा, फ्रेट आणि नटचे जवळून फोटो काढा, खाचा दिसल्या पाहिजेत. फिलर गेज म्हणजे गॅरेजवाले टॅपेटला वापरतात तोच, नाना पेठेत कुठल्याही ऑटोपार्टवाल्याकडे मिळेल. एखादा फ्रेट वर आलाय असं सांगितलं तर जुन्या एटीएम कार्डाची सरळ कड लागोपाठच्या तीन फ्रेटवर ठेवायला लावा, मधला उंच असेल तर कार्ड डुगडुगतं. ट्रस रॉड जाम म्हणाला तर समोर चावी लावून दाखव म्हणा. आणि परत घेताना बझ गेला का एवढंच बघू नका, उंची परत मोजा, मगच पैसे द्या, बिलावर काय काय केलं ते एकेक लिहून घ्या.

माझ्याकडे बिलावर नुसतं 'गिटार रिपेअर' आहे. खाचांचे फोटो पाठवल्यावर आधी म्हणाला की "ड्रेसिंग म्हणजे पॉलिशच असतं सर", नंतर फोन उचलणं बंद. बिल आणि फोटो घेऊन ग्राहक पंचायतीत जातोय.