क्लबाचं सभासदत्व: नऊ महिन्यांनंतर

सभासद झालो ते पोहण्यासाठी. तलाव चांगला आहे, पाणी स्वच्छ असतं, संध्याकाळी गर्दी असते. तलावाबद्दल एवढंच. तो दुरुस्तीसाठी पंधरा दिवस बंद पडला नसता, तर मी या क्लबाच्या वाचनालयात पाऊलही टाकलं नसतं आणि हे लिहायलाही बसलो नसतो.

वाचनालयातल्या काचेच्या कपाटात एक लाकडी पेटी आहे. समोर मनगट जाईल एवढं गोल भोक, आत दोन कप्पे. जुन्या सेवकाने कपाट उघडून दिलं आणि म्हणाला, "हात घालून बघा साहेब." घातला. बाहेरून बघणाऱ्याला हात कुठे वळला ते अजिबात कळत नाही. नव्या अर्जदारावर असं मतदान व्हायचं: होकाराची गोळी एका बाजूला, नकाराची दुसऱ्या. अर्ज फेटाळायला काही क्लबांत एक काळी, म्हणजे नकाराची, गोळी पुरायची, काही ठिकाणी दहात एक. इंग्रजीतला 'बॅलट' हा शब्दही इटालियनमधल्या छोट्या गोळीवरूनच आलेला. आमच्या पेटीत उजवीकडची, म्हणजे होकाराची, कड घासून गुळगुळीत झाली आहे, डावीकडची बरीच खरखरीत आहे. म्हणजे बहुतेकांना होकारच मिळाला असावा. नाही तर नकार देणारे हलक्या हाताचे होते!

पेटी कपाटात गेली, पण तिचं काम थांबलेलं नाही. माझ्या अर्जाला सूचक लागला, अनुमोदक लागला, नाव तीन आठवडे फलकावर लटकलं, मग 'अनौपचारिक गप्पा' झाल्या. अशा गप्पांत नापास झालेल्याला कारण कुणी सांगत नाही. पूर्वी निदान गोळ्या मोजत तरी होते.

एवढ्यावरून नाद लागला आणि मी क्लब या प्रकाराचं मूळ शोधू लागलो. लंडनचा व्हाइट्स हा आज अतिप्रतिष्ठित क्लब, पण 1693 मध्ये तो सुरू झाला चॉकलेट पाजणारं दुकान म्हणून. दुकान मालकाचं, नफा मालकाचा. आपण आज ज्याला सभासदांचा क्लब म्हणतो, म्हणजे वास्तू सगळ्यांची, खर्च वर्गणीतून आणि नफा कुणीच वाटून घ्यायचा नाही, ती पद्धत नेपोलियनशी युद्ध संपल्यावर तिथे फोफावली. निम्म्या पगारावर घरी बसलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना स्वस्तात जेवायला आणि बसायला जागा हवी होती. युनायटेड सर्व्हिस क्लब 1815 चा. थोडक्यात, आजच्या या रुबाबाच्या मुळाशी काटकसर आहे. आमच्या कार्यकारिणीला हे कुणीतरी सांगायला हवं.

आता तक्रार. क्लबाने काढलेली स्मरणिका गुळगुळीत कागदावर आहे आणि मजकूरही तितकाच गुळगुळीत. 'महिला पहिल्यापासून क्लब-परिवाराचा अविभाज्य घटक' असं तीत छापलंय. मी जुनी इतिवृत्तं वाचली. त्यांत बायका आहेत, पण नवऱ्याच्या कार्डावर. मत नाही, वार्षिक सभेला प्रवेश नाही. एका पानावर 'सभासदांच्या पत्नींनी' या शब्दांवर लाल शाईने काट मारून वर 'महिला सभासदांनी' लिहिलंय, आणि खाली तीन सह्यांसह 'विरोध नोंदवला'. संपूर्ण स्मरणिकेपेक्षा हे एक पान मोलाचं आहे.

लाजण्यासारखं तरी त्यात काय आहे? लंडनच्या मोठमोठ्या क्लबांची हीच गत. सुधारणावाद्यांनी 1836 मध्ये काढलेल्या रिफॉर्म क्लबाने बायकांना सभासद केलं 1981 मध्ये. अथेनियम 1824 चा, तिथे 2002 उजाडलं. 1831 च्या गॅरिकने तर 2024 मध्ये मतदान घेऊन दार उघडलं. सुधारणा नावात असली तरी 145 वर्षं लागतात, तर आपण आपली लाल शाई का लपवायची?

बाकी कोर्टाचं आरक्षण कटकटीचं, पार्किंग पुरेसं, कर्मचारी उत्तम. पोहण्यासाठी पाचपैकी चार. इतिहास जपण्यासाठी दोन, तेही त्या सेवकामुळे. इतिवृत्तांच्या खंडांना वाळवी लागायला सुरुवात झाली आहे. सगळे खंड स्कॅन करावेत, मी स्वतः बसून करतो, असा अर्ज मी चार महिन्यांपूर्वी दिला. तीन बैठका झाल्या. गेल्या आठवड्यात ताजं इतिवृत्त वाचून आलो, माझा विषय त्यात आहे: 'विचाराधीन'.